नगरधनचा तट चित्रात चिकटवल्यासारखा दिसतो

रेघोटी: ११ × १५ इंच आडवा कागद, जलरंग. पुढे शेतं, मधून दरवाज्यापर्यंत पायवाट, मागे नगरधनचा किल्ला. बुरूज, चर्या (तटाच्या माथ्यावरचे दातेरी कंगोरे) मोजून काढल्या, तरी किल्ला वरून चिकटवल्यासारखा वाटतो. दरारा नाही, एकांतही नाही. काय बदलावं?

कोरा_कागद: चर्या मोजू नका जी. तेवढ्या लांबून त्या सुट्या दिसतच नाहीत, तटाची वरची कड जराशी खडबडीत दिसते, बस. किल्ल्याचा अर्थ तपशिलापेक्षा जागेतून येतो. डच चित्रकार याकोब फान राउसडालचं १६५३ चं बेंटहाइम किल्ल्याचं चित्र पाहा. किल्ला खरा आहे ठेंगण्या टेकडीवर, यानं तो उंच डोंगरावर नेऊन ठेवला. पाहणारा आपोआप खाली राहतो. नगरधन मात्र भुईकोट, त्याला डोंगर दिला तर तो नगरधन उरणार नाही. त्याऐवजी बसलेल्या माणसाची नजर धरा. क्षितिजरेषा तळापासून ३ इंचांवर घ्या, म्हणजे जवळजवळ सगळा तट तिच्या वर चढतो. दरारा तिथून येतो.

ओली_कड: चिकटवल्यासारखं दिसण्याचं कारण वेगळं आहे: सगळ्या कडा सारख्याच गडद आणि धारदार. आधी आकाशाचा हात द्या, तो ओलसर असतानाच तटाची वरची कड एक-दोन ठिकाणी त्यात विरघळू द्या. बाकीचा तट कागद पूर्ण वाळल्यावरच. अर्धवट ओल्यावर पाणीदार रंग टाकला की फुलं, म्हणजे पसरलेल्या कडांचे डाग पडतात, ती पुसली जात नाहीत. सर्वांत गडद ठिपका फक्त दरवाज्यात. आणि लांबचं सगळं निळं करायची सवय सोडा. मे महिन्यातली आपल्याकडची धूळ पिवळट असते, म्हणून निळ्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) हवाच.

कोरा_कागद: कडांचं पटलं. पण एकांत पाहिजे तर पायवाटही तोडा. दरवाज्यापर्यंत नेलेली वाट म्हणजे आमंत्रण. ती बांधाशी संपली की किल्ला परका होतो. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या ‘हॅडली कॅसल’ या चित्रात (१८२९) पडक्या बुरुजाशेजारी अफाट आकाश आणि खाडी आहे. रेखाटन १८१४ चं, रंगवलं ते नोव्हेंबर १८२८ मध्ये बायको गेल्यावर. तिथला शोक त्या मोकळ्या जागेत आहे.

रेघोटी: वाट तोडतो. आता नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला काढताना भोवतीच्या इमारती, तारा गाळाव्या का?

ओली_कड: गाळल्या तर १८१७ च्या इंग्रज-भोसले लढाईची टेकडी तेवढी उरेल. ठेवा, पण इमारतींना खिडक्या काढू नका, सपाट फिके आकार पुरेत. मग किल्ला शहरावर नजर ठेवून बसलेला दिसतो.