हातात मावणारा स्वस्त स्कोप घरी कॅलिब्रेट कसा करावा? मीटर आणि स्कोप जुळत नाहीत

मनीषनगर_बेंच:

नमस्कार मंडळी. मी घरीच कूलरच्या पंपांचे, एलईडी ड्रायव्हरचे आणि दोन उन्हाळ्यांपासून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरच्या) पंख्यांचे बोर्ड दुरुस्त करतो. मार्च लागला की नागपुरात या कामाची रांग लागते, म्हणून यंदा एक छोटा स्कोप घेतला, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. एक चॅनेल, 200 किलोहर्ट्झ, सेकंदाला 10 लाख सॅम्पल, आत एसटीएम32एफ103 ही कंट्रोलर चिप. किट होता, सोल्डरिंग मीच केलं. सोबत साध्या मगरचिमट्यांची वायर आहे, 10एक्स प्रोब (सिग्नल दहापट कमी करून स्कोपला देणारी मोजवायर) वेगळा घेतला.

दोन गोष्टी खटकून राहिल्या. 12 व्होल्टचा अॅडॅप्टर मीटरवर 12.06 दाखवतो आणि स्कोपवर, 5 व्होल्ट प्रति डिव्हिजनला (पडद्यावरचा एक उभा चौकोन म्हणजे 5 व्होल्ट), सरासरी 11.1 च्या आसपास येते. एवढा फरक असेल तर भरवसा कशावर ठेवायचा? दुसरं म्हणजे स्कोपचाच 1 किलोहर्ट्झचा टेस्ट सिग्नल. वरच्या रेंजमध्ये चौकोन ठीक दिसतो, खालच्या रेंजमध्ये कोपरे गोल येतात.

मित्र म्हणतो, हिंगणा एमआयडीसीकडे एखादी कॅलिब्रेशन लॅब पाहा. तसं करावं का? की घरी जमण्यासारखं आहे? माझ्याकडे एक बरा डिजिटल मीटर आहे, पुस्तिकेत डीसीला 0.5 टक्के लिहिलंय. स्कोप मुख्यतः बीएलडीसी बोर्डावर वापरायचा आहे.

जुना_रेडिओवाला:

लॅब सोडा. लॅबच्या कागदाची किंमत अशी की तिथलं माप साखळीने दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीपर्यंत जोडलेलं असतं. ज्याला ऑडिटरला कागद दाखवायचा आहे त्याला तो लागतो. तुम्हाला हवं आहे ते एवढंच, की स्कोप किती चुकतो आणि कोणत्या दिशेने चुकतो हे पक्कं कळावं. ते घरी उत्तम होतं. फक्त एक ध्यानात ठेवा, या वर्गातल्या स्कोपच्या पुस्तिकेत उभ्या मापाची चूक 5 टक्क्यांच्या आत अशीच लिहिलेली असते. 1-2 टक्क्यांवर आणला की पुष्कळ झालं, त्यापुढचे आकडे मीटरकडून घ्या.

तुमच्या दोन तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही. गोल कोपरे हा ट्रिमरचा (स्क्रूने फिरवून जुळवायच्या छोट्या कपॅसिटरचा) मामला, कमी व्होल्ट हा शून्याचा किंवा गेनचा, म्हणजे माप किती पटीने दिसतं त्याचा. दोन्ही एकदम हाताळले तर गोंधळ होईल.

आधी शून्य. स्कोप दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. मग कपलिंगचं बटण जीएनडीवर (इनपुट शून्य व्होल्टला) ठेवा आणि रेघ मधल्या रेषेवर आणायचं जे बटण पुस्तिकेत दिलंय ते दाबून धरा. पण त्याच्याही आधी एक प्रयोग करा, कारण काय बिघडलंय ते त्यातूनच कळेल. नवा अल्कलाइन पेन्सिल सेल घ्या. मीटरवर मोजा. स्कोप डीसी कपलिंगवर, 0.5 व्होल्ट प्रति डिव्हिजन. सेल सरळ लावून सरासरी लिहा, मग उलटा लावून लिहा. दोन्ही आकडे चिन्हासकट बेरजून निम्मे केले की शून्याची चूक मिळते. वजा करून निम्मे केले की खरी उंची मिळते, ती मीटरशी ताडून पाहा. एकाच सेलने दोन वेगळ्या चुका वेगळ्या पडतात. अॅडॅप्टरवर हे करू नका, त्याच्या रिपलने (डीसीवर उरलेल्या लहरींनी) आकडा नाचतो.

आता ट्रिमर. आत दोन असतात, एक खालच्या रेंजचा आणि एक वरच्या. त्यांचे नंबर पुस्तिकेत असतात. खालच्या रेंजला टेस्ट सिग्नल 0.1 व्होल्टचा लावा, 3.3 चा लावला तर चौकोन पडद्याबाहेर जाईल. कोपरा गोल म्हणजे भरपाई कमी, कोपऱ्यावर टोक आलं म्हणजे जास्त. माथा सपाट आणि कोपरा काटकोनात येईपर्यंत फिरवा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर मात्र वापरू नका. ट्रिमर म्हणजे काही पिकोफॅरडचा खेळ, धातूचं टोक आणि त्यामागचा तुमचा हात हे दोन्ही त्यात मिसळतात. कोपरा छान जुळतो आणि हात काढला की पुन्हा बिघडतो. रेडिओचे आयएफ कॅन (आतल्या जुळवायच्या कॉइलच्या डब्या) जुळवायला आम्ही विणकामाची प्लास्टिकची सुई घासून चपटी करायचो, माझ्या डब्यात ती अजून आहे. बर्डीच्या बाजारात प्लास्टिकचा ट्रिमर ड्रायव्हर मिळाला तर उत्तमच.

10एक्स प्रोब सगळ्यात शेवटी. त्याच्या मुठीत किंवा प्लगजवळही एक ट्रिमर असतो. तो आधी फिरवला तर आतली चूक एका रेंजपुरती झाकली जाते आणि रेंज बदलली की कोपरे पुन्हा गोल. म्हणून आधी आतलं, मग प्रोबचं.

बुटीबोरी_मेंटेनन्स:

काकांनी कॅलिब्रेशनचं सांगितलंच आहे, मी बीएलडीसीचं सांगतो. भाऊ, हे वाचल्याशिवाय स्कोप पंख्याच्या बोर्डाला लावू नका.

230 व्होल्टचं शिखर 325 व्होल्ट. तुमच्या स्कोपचं इनपुट बहुतेक 50 व्होल्ट शिखरापर्यंतचं असेल, पुस्तिकेत पाहा. आणि या बोर्डाचं ग्राउंड हे अर्थिंग नव्हे. ब्रिजच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) मायनसला काळा चिमटा लावला की स्कोपच्या बीएनसीची (प्रोब लावायच्या सॉकेटची) धातूची कडा थेट मेनवर येते. स्कोप बॅटरीवर आहे म्हणून सुरक्षित असं पुष्कळ जण समजतात. बॅटरीमुळे स्कोप वाचेल, पण ती कडा ज्याच्या हाताला लागेल त्याचं काय? आणि अशात चार्जर लावलेला असेल तर आणखी धोका.

वन-टू-वन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज तेवढंच ठेवून बोर्ड मेनपासून वेगळा करणारा) घ्या, बोर्ड त्यावर चालवा, प्रोब 10एक्सवर ठेवा आणि प्रोबवर लिहिलेली व्होल्टेजची मर्यादा वाचा. ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत फक्त कमी व्होल्टेजच्या बाजूची कामं करा, तीसुद्धा बोर्डाला बाहेरून बेंच सप्लाय देऊन आणि मेनची वायर काढून.

मनीषनगर_बेंच:

दोघांचेही आभार. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची चौकशी आजच केली. तो येईपर्यंत पंख्याचे बोर्ड बाजूला ठेवले.

काकांनी सांगितलेला सेलचा प्रयोग केला. मीटर 1.57. स्कोपवर सरळ +1.46, उलटा −1.62. म्हणजे शून्याची चूक −0.08 आणि उंची 1.54. मग शून्य जुळवलं. आता सरळ-उलटा दोन्हीकडे 1.54 येते. 12 व्होल्टचा अॅडॅप्टर 11.8 दाखवतो. ट्रिमर प्लास्टिकच्या ड्रायव्हरने फिरवले, दोन्ही रेंजमध्ये कोपरे सरळ झाले.

पण 1.57 चे 1.54 आणि 12.06 चे 11.8, दोन्हीकडे साधारण 2 टक्के कमीच. हे कुठून येऊन राहिलं?

जुना_रेडिओवाला:

फार नीट केलंत. आधीचा मोठा फरक शून्याचा होता हेही यात दिसतं. 0.5 च्या रेंजला 0.08 व्होल्ट म्हणजे 0.16 डिव्हिजन. तेवढंच 0.16 डिव्हिजन 5 च्या रेंजला 0.8 व्होल्ट होतं. म्हणून सेलवर किरकोळ वाटणारी चूक अॅडॅप्टरवर जवळजवळ एक व्होल्ट दिसत होती.

उरलेले 2 टक्के गेनचे, आणि माझा संशय 3.3 व्होल्टच्या रेग्युलेटरवर (चिपला ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर) आहे. एसटीएम32एफ103 च्या 48 पायांच्या चिपला एडीसीच्या (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाच्या) रेफरन्सची, म्हणजे तुलनेच्या व्होल्टेजची, वेगळी पिन बाहेर काढलेली नाही, आतून ती अॅनालॉग सप्लायलाच जोडलेली आहे. म्हणजे तुमच्या स्कोपची मोजपट्टी तो रेग्युलेटरच. फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) धरून चालतं की पट्टी 3.30 ची आहे. पट्टी लांब निघाली की माप कमी येणार. स्कोप चालू असताना मीटरने तेवढा व्होल्टेज मोजा, चिमटा सरकून शेजारच्या पिनला लागू देऊ नका.

हिंगणा_रोड_हॉबी:

टाइमबेसचं, म्हणजे आडव्या वेळेच्या मापाचं, कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो जुळवायला बहुधा काही स्क्रू नसतोच, आणि गरजही पडत नाही, कारण वेळ क्रिस्टलवर चालते. खात्री करायची असेल तर डीएस3231 चं घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्याच्या 32के पिनवर 32.768 किलोहर्ट्झ मिळते, ती पिन ओपन ड्रेन आहे (स्वतः सिग्नल वर ओढत नाही) म्हणून 10के पुल-अप, म्हणजे पिनपासून सप्लायला रेझिस्टर, द्यावा लागतो. 0 ते 40 अंशात ते दहा लाखांत 2 भागांपर्यंत अचूक. आपल्या मे महिन्यात खोली 40 च्या वर गेली तर 3.5 भाग, पण तेवढा बारीक फरक हा स्कोप दाखवूच शकत नाही. घरच्या लाइनच्या 50 हर्ट्झवर मात्र स्कोप जुळवायला जाऊ नका, ग्रिडची फ्रिक्वेन्सी दिवसभर थोडी वरखाली होते.

मनीषनगर_बेंच:

3.36 आला!

जुना_रेडिओवाला:

मग हिशेब लागला. 3.30 भागिले 3.36 म्हणजे 0.982, आणि तुमचे 1.54 भागिले 1.57 म्हणजे 0.981. उरलेला फरक तुमच्या मीटरच्या 0.5 टक्क्यात मावतो. रेग्युलेटर खराब नाही, स्वस्त रेग्युलेटर 1-2 टक्के इकडेतिकडे असतातच. तो बदलायच्या मागे लागू नका, बदललेलाही 3.27 निघू शकतो. स्कोपच्या पाठीवर चिठ्ठी लावा: वाचन गुणिले 1.02. शून्य मात्र कामाला बसताना रोज पाहायचं. आणि मे महिन्यात, कूलर बंद असलेल्या खोलीत भर दुपारी, तो 3.36 पुन्हा एकदा मोजा आणि इथे लिहा. तापल्यावर तो किती सरकतो हे मलाही पाहायचं आहे.