मदत हवी आहे: ग्वादर पाकिस्तानने नेमकं कितीला घेतलं?

दिवाळी अंकासाठी बलुचिस्तानातल्या ग्वादर बंदरावर लेख लिहितोय आणि आकड्यांत अडकलोय.

१७८३ च्या सुमारास कलातच्या (बलुचिस्तानातलं एक संस्थान) खानाने ग्वादर मस्कतच्या (आजचं ओमान) सुलतान बिन अहमदला दिलं, इथपर्यंत ठीक. पुढे १९५८ मध्ये फिरोजखान नून पंतप्रधान असताना पाकिस्तानने ते मस्कतचा सुलतान सईद बिन तैमूर याच्याकडून विकत घेतलं. ताबा ८ सप्टेंबरला. (महिन्याभरात लष्करी राजवट आली आणि नून घरी गेले, पण ते असो.)

घोळ किमतीत आहे. बहुतेक ठिकाणी ३० लाख पौंड लिहितात, काही ठिकाणी साडेपाच कोटी रुपये. तेव्हा पौंडाला साधारण १३ रुपये ३३ पैसे पडायचे. म्हणजे ३० लाख पौंडांचे होतात चार कोटी! मग वरचे दीड कोटी कुठून आले? शिवाय यातली मोठी रक्कम आगाखानांनी (इस्माइली पंथाचे धर्मगुरू) दिली असं म्हणतात. पण तिसरे आगाखान जुलै १९५७ मध्येच वारले, मग पैसे त्यांचे की चौथ्यांचे?

विकिपीडिया, वर्तमानपत्री लेख, यूट्यूब सगळं पाहून झालंय. सगळे एकमेकांचीच कॉपी मारतात. त्यामुळे तसल्या लिंका कृपया नकोत. इंग्रजी, हिंदी चालेल, उर्दू वाचता येत नाही. दिल्लीला जाऊन जुन्या सरकारी फाइली चाळणं सध्या शक्य नाही.

करारातली रक्कम आणि ती कुणी भरली, हे दाखवणारा मूळ कागद किंवा त्या काळातली संसदेतली नोंद घरबसल्या कुठे वाचायला मिळेल?