तापानंतर, लशीनंतर उठलेली डोकेदुखी : तुमचे अनुभव लिहा

साताऱ्याहून लिहितेय. एप्रिल २०२१ मध्ये मला करोना झाला. ताप पाच दिवसांत गेला, वासही महिन्याभरात परत आला, पण डोकं काही सोडेना. कपाळापासून मानेपर्यंत कुणीतरी फडकं आवळून बांधल्यासारखं. मोबाईलवर मुलांचे तास घेताना पडद्याकडे बघवत नसे. सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही, मग घरचे म्हणायला लागले, "ताण घेतेस." त्याचं फार वाईट वाटायचं. मी रोज पॅरासिटॅमॉल घेत राहिले. चौथ्या महिन्यात एका डॉक्टरांनी विचारलं, "महिन्यातले किती दिवस गोळी घेता?" मोजले तर पंचवीस भरले. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून १५ दिवस किंवा जास्त घेत राहिलं, की काही महिन्यांनी तीच डोकं दुखवायला लागते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या सांगण्यावरून ती बंद केली. पहिला आठवडा नुसता ठणका. रात्रीची एक वेगळी गोळी आणि रोजचं चालणं सुरू झालं, आणि दिवाळीच्या आसपास पहिल्यांदा एक अख्खा दिवस डोक्याची आठवण न होता गेला.

म्हणून विचारतेय. दुखणं कितव्या दिवशी सुरू झालं, कुठं दुखलं, किती टिकलं, कशानं उतरलं? जमेल तेवढं नेमकं लिहा.

तासगावहून :
लशीचं सांगतो. कोविशील्डचा पहिला डोस सकाळी घेतला, द्राक्षबागेत काम केलं, काही नाही. रात्री दहाला कणकण आली आणि डोकं असं काही ठणकलं की उशीवर टेकवेना. आईनं सुंठ उगाळून कपाळाला लावली, गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठून जेवलो. दुसऱ्या डोसला नुसता दंड दुखला.

मिरजेहून :
दादा, तुमच्यासारखं सांगणारे रोज भेटायचे. मी लसीकरणाला परिचारिका होते. शरीर लशीला ओळखून कामाला लागतं, त्यात जी रसायनं सुटतात त्यांनीच ताप येतो नि डोकं दुखतं. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. पण मे २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची सूचना आली, तेव्हापासून मी प्रत्येकाला एक गोष्ट जास्तीची सांगू लागले : पुढच्या वीस दिवसांत डोकं जोरात दुखून थांबतच नसेल, उलटी होवो न होवो, धाप लागली, पाय सुजला, अंगावर टाचणीएवढे लाल ठिपके उठले, तर घरी बसू नका. रक्ताची गुठळी होण्याचा तो प्रकार फार दुर्मिळ. तरी सांगायचंच. सांगितल्यानं लोक लस घ्यायला घाबरतील असं काही सहकाऱ्यांना वाटे. मला उलट दिसलं, नीट सांगितलं की माणसं विश्वासानं दंड पुढे करत.

वाळवा तालुक्यातून :
जुलै २०२१ चा पूर ओसरला आन् महिन्याभरात मला डेंगी झाला. डोळं फिरवलं की डोळ्याच्या मागं कळ यायची, लई बेक्कार. दुकानातनं कसलीतरी दुखण्याची गोळी आणून खाल्ली. डॉक्टर रागावले. डेंगीत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नसतंय, रक्तस्राव व्हायचा धोका असतोय. पॅरासिटॅमॉल तेवढं चालतंय, तेबी मापात. ताप उतरल्यावर डोकं थांबलं, पण खरं सांभाळायचं दिवस तेच असत्यात म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं.

वाईहून :
मला आधीपासून अर्धशिशी. कुठलाही व्हायरल ताप आला की ती मागोमाग येतेच, डाव्या बाजूला, मळमळीसकट. अंधाऱ्या खोलीत झोपणं हाच आधार.

कराडहून :
माझ्या मुलाचं लिहिते, वय नऊ. ताप, डोकं, उजेड नको. आम्हाला फ्लू वाटला. संध्याकाळी त्याला हनुवटी छातीला लावता येईना, आणि तो गुंगीत बोलायला लागला. रात्रीच हलवलं. पाठीतलं पाणी काढून तपासलं, मेंदूच्या आवरणाला सूज होती, विषाणूमुळे आलेली. दहा दिवसांनी घरी आलो. सकाळीच मान वाकवून बघितली असती तर, हे अजून डोक्यात येतं.

साताऱ्याहून :
ताई, तुम्ही त्याच रात्री निघालात, तेच महत्त्वाचं. मुलगा आता कसा आहे? शाळेत उजेडाचा, आवाजाचा त्रास उरलाय का, तेही सवडीनं लिहा.