सिलिका हवीच, पण आधी टाकी गार करा
मातीशिवाय, टाकीतल्या खतपाण्यावर वाढवलेल्या (हायड्रोपोनिक) काकडीला सिलिका (पानं-खोड बळकट करणारं पूरक) वाढवली तर मे महिन्यात मुळं कुजायची थांबतील का, असं एकाने विचारलंय. नाही हो. सिलिकेने काकडीची पानं ताठ राहतात, पण टाकीतलं पाणीच तापलं तर तिचं काही चालत नाही. २० अंशाला लिटरभर पाण्यात मुळांना लागणारा प्राणवायू साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशाला साडेसातच. शिवाय मूळकूज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जीवाला कोमट पाणी मानवतं. आम्ही नागपूरकरांनी तर टाकी गच्चीवर ठेवूच नये. मी ती जिन्याखाली आणली, बर्फाच्या बाटल्या सोडल्या, तेव्हा कुठे मुळं पांढरी राहिली.

आणि पोटॅशियम सिलिकेट (सिलिका याच रूपात देतात) आधी साध्या पाण्यात नीट ढवळा, खतं मागाहून. एकदम ओतलंत तर साका बसतो, नोझलची भोकं बुजतात. पीएच चढतो, तो शेवटी मोजून उतरवा.