अर्थिंगची पिन न तोडता स्पीकरमधील घरघर कशी घालवावी? (मदत हवी आहे)

सप्रेम नमस्कार.

अंबाजोगाई आणि परळी परिसरातील गावांमध्ये हरिनाम सप्ताहाच्या निमित्ताने सायंकाळी अभंगगायन होते आणि त्यात मी हार्मोनियमची साथ करतो. ध्वनियंत्रणेतील जाणकारांकडून मला पुढील बाबतीत मार्गदर्शन हवे आहे.

दुपारी साउंडची तपासणी होते तेव्हा आवाज स्वच्छ असतो. दिवेलागणीनंतर रोषणाई, एलईडी पडदा आणि थेट प्रक्षेपण करणाऱ्यांचा लॅपटॉप सुरू झाला, की सगळ्या स्पीकरमधून एकसुरी घरघर येऊ लागते. हार्मोनियमवर ताडून पाहिले असता ती पांढरी पाचच्या किंचित वर लागते. आमच्या गायकांचा षड्ज काळी एक असल्यामुळे ही घरघर त्यांच्या तीव्र मध्यमाच्या थोडी वर पडते. म्हणजे तानपुऱ्याच्या पंचमाशी तिचे अजिबात जमत नाही आणि विलंबित आलापात तर ती कानात खुपत राहते. श्रोत्यांना टाळ-पखवाजाच्या गजरात ती फारशी जाणवत नसावी, पण गाणाऱ्याला जाणवते.

मिक्सर आणि अँप्लिफायर मंदिराच्या मीटरवरून येणाऱ्या विजेवर चालतात. एलईडी पडदा आणि लॅपटॉप यांना मंडपाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या केलेल्या जनरेटरवरून वीज दिली जाते. लॅपटॉपमधून एक ऑडिओ केबल मिक्सरला जोडलेली असते. लॅपटॉपचा चार्जर काढून तो केवळ बॅटरीवर चालवला, तर घरघर जवळजवळ नाहीशी होते. परंतु दोन-अडीच तासांचा कार्यक्रम बॅटरीवर निभावेल, याची खात्री प्रक्षेपण करणारी मुले देत नाहीत.

साउंडवाल्यांचा यावरचा उपाय ठरलेला आहे. मिक्सर आणि अँप्लिफायरच्या थ्री पिन प्लगमधील वरची जाड पिन पकडीने तोडायची. घरघर कमी होते, हे खरे आहे. मात्र मागच्या सप्ताहात अशा व्यवस्थेवर गाताना गायकांचे ओठ माइकच्या जाळीला लागले आणि त्यांना झिणझिण्या आल्या. त्यांनी माइकवर रुमाल गुंडाळून पुढचा अभंग म्हटला. साउंडवाल्यांचे म्हणणे असे, की एवढा करंट सगळीकडेच येतो. मला हे पटत नाही. सप्ताहात सकाळी सडा घातलेला असतो, पाणी वाहणाऱ्यांची ये-जा चालू असते आणि सतरंजी ओलसर असते. अशा ठिकाणी हातात धातूचा माइक घेऊन बसलेल्या माणसाला सुरक्षित कसे म्हणावे?

माझे प्रश्न दोन आहेत. पिन शाबूत ठेवून घरघर घालवता येते का? आणि माइकला येणारा करंट किती धोक्याचा आहे, हे कार्यक्रमापूर्वी कसे तपासावे? रात्री दहाला स्पीकर बंद करावे लागत असल्याने ऐनवेळी प्रयोग करायला सवड नसते, म्हणून जे काही करायचे ते आधीच ठरवून जाता यावे, अशी इच्छा आहे.

प्रतिसाद १

रामकृष्ण हरी, माउली. लातूर भागात मी अनेक वर्षे साउंडचे काम करतो, त्यामुळे पिन तोडणारे आमच्याच व्यवसायातले आहेत, हे लिहिताना वाईट वाटते.

बॅटरीवर घरघर जाते, यातच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मंदिराची अर्थिंग आणि जनरेटरची अर्थिंग यांच्यात थोडा का होईना व्होल्टेजचा फरक असतो. लॅपटॉपची ऑडिओ केबल या दोन्ही अर्थिंग जोडून एक वेटोळे पूर्ण करते, आणि त्या वेटोळ्यातून फिरणारा ५० हर्ट्झचा प्रवाह मिक्सर इमानेइतबारे मोठा करून ऐकवतो. आपण सांगितलेला सूरही त्याला जुळतो, कारण पांढरी पाचचा खर्जातला सूर ४९ हर्ट्झचा असतो.

वेटोळे तोडायचे ते विजेच्या तारेत नव्हे, आवाजाच्या तारेत. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लिफ्टचे (आवाजाच्या तारेतील अर्थिंगची जोडणी तोडणारे) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी, लावावा. ट्रान्सफॉर्मरमध्ये आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याच्या तारेची थेट जोडणी राहत नाही, त्यामुळे दोन अर्थिंग एकमेकींना भेटतच नाहीत. याहून सोपा उपाय म्हणजे लॅपटॉपला मिक्सरच्याच बोर्डावरून वीज देणे. एक लांब वायर ओढली की काम होते. एलईडी पडदा खुशाल जनरेटरवर राहू द्यावा, फक्त पडद्यासाठी लॅपटॉपमधून एचडीएमआय केबल जात असेल, तर तिच्यामार्गेही तेच वेटोळे पुन्हा तयार होते, हे लक्षात ठेवावे.

प्रतिसाद २

मी विद्युत विभागातून निवृत्त झालो आहे. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आजकालच्या मिक्सर-अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तोडल्यावर उपकरणाचा पत्रा या दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकतो आणि त्यावर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट दिसतात. त्यातून मिळणारा प्रवाह अत्यल्प असल्यामुळे केवळ झिणझिण्या येतात. खरा धोका पुढचा आहे. आत एखादी वायर सोलली जाऊन फेज पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडाला असता. पिन तोडलेली असताना तोच फेज माइकच्या जाळीपर्यंत पोहोचतो.

कार्यक्रमापूर्वी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक माइकच्या जाळीला आणि दुसरे मंडपाबाहेर ओल्या मातीत रोवलेल्या सळईला लावावे. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसल्यास गायकाला माइक देऊ नये. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ हे व्होल्टेज फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवे, पण एवढ्यावर विसंबू नये, कारण अर्थिंग कमकुवत असली तरी मीटर पूर्ण आकडा दाखवतो. वायरमनकडून भार देऊन तपासून घ्यावे, आणि तेव्हा साउंडचे सगळे प्लग काढलेले असावेत.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि अर्थिंगची सळई मातीपासून सुटते. चैत्र-वैशाखातल्या सप्ताहापूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडावे. मंचाच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. मात्र जनरेटरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसेल, तर जनरेटरवर तो अपेक्षेप्रमाणे सुटत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रक्षेपण करणारी मुले एचडीएमआय केबल वापरतातच, त्यामुळे वायर ओढण्यापेक्षा ट्रान्सफॉर्मरच बरा, असे दिसते. तो लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी घ्यावा लागेल का? आणि स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरने पखवाजाचा खर्ज पातळ होतो, असे ऐकले आहे, ते कितपत खरे?

प्रतिसाद १

दोन्ही चॅनल मिक्सरला जात असतील, तर दोन्हींसाठी हवा. एक बाजू जरी थेट जोडलेली राहिली, तरी वेटोळे कायम राहते. खर्जाची काळजी इथे करू नये. आपला पखवाज माइकमधून सरळ मिक्सरमध्ये जातो, ट्रान्सफॉर्मरमधून जाईल तो फक्त लॅपटॉपचा आवाज. आणि साउंडवाल्यांशी बोलणी करताना तोडलेल्या पिनचे सर्व प्लग बदलून मागावेत, ती अट सुपारी देतानाच घालावी.