बर्मिंगहॅममध्ये बैल सोडून बघायला काय आहे?

हार्बोर्नकर:
परवा इथे एकाने लिहिलं, "बर्मिंगहॅममध्ये बुलरिंग मॉलचा बैलाचा पुतळा आणि ती चकत्यांची बिल्डिंग सोडली तर काही नाही, मुलांना ग्रामर (परीक्षा देऊन प्रवेश मिळणारी सरकारी शाळा) मिळणार असेल तरच या." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अहो, तो बैल 2003 चा आणि सेल्फ्रिजेस दुकानाच्या बिल्डिंगवरच्या 15,000 चकत्याही 2003 च्याच, म्हणजे तुम्ही स्टेशनात उतरलात, शॉपिंग केलंत आणि परत गेलात! लायब्ररीच्या नवव्या मजल्यावर 1882 ची शेक्सपियर मेमोरियल रूम आहे, व्हिक्टोरियन काळातली जुनी लायब्ररी पाडली तेव्हा आतलं लाकूडकाम सुटं करून जपून ठेवलेलं. ती पाहिलीत? युनिव्हर्सिटीतला ओल्ड जो, शंभर मीटर उंच घड्याळाचा टॉवर, तो तरी?

दोन_मुलांची_आई:
मूळ पोस्ट माझीच. टॉवर बघायला कोणी घर बदलत नाही हो, शाळेसाठी बदलतात. आम्ही बदललं. मुलगी चौथीत असल्यापासून दर शनिवारी ट्युशन, सुट्ट्या नाहीत, भारतात जाणं नाही, आणि शेवटी किंग एडवर्ड कॅम्प हिल हे ग्रामर थोडक्यात हुकलं. कारण काय, तर कॅचमेंट, म्हणजे शाळेजवळच्या ठरलेल्या भागात राहणाऱ्यांना आधी जागा! 2020 च्या प्रवेशापासून हे लागू झालं, आता मार्क असूनही पत्ता आडवा येतो.

जुना_भिडू:
कॅचमेंट आलं ते बरंच झालं. आधी लांबलांबून मुलं यायची आणि शेजारच्या गल्लीतला पोरगा बाहेर. गरीब घरातल्या मुलांना काही जागा ठेवल्यात त्यातही वाईट काय? वर्षानुवर्षं ट्युशनला पैसे ओतायचे आणि वर गुणवत्ता म्हणायचं!

दोन_मुलांची_आई:
पैसे ओतायचे म्हणजे? मी नाइट शिफ्ट करून ते पैसे भरलेत. माझ्या मुलीच्या मेहनतीबद्दल असं बोलायचं काम नाही.

जुना_भिडू:
मुलीबद्दल बोललो नाही, सिस्टिमबद्दल बोललो. माझा मुलगा इलेव्हन प्लसमध्ये, म्हणजे ग्रामरच्या प्रवेश परीक्षेत, सरळ नापास झाला. घरात आठवडाभर सुतक. जवळच्या साध्या, परीक्षा न घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत गेला, तिथल्या फिजिक्सच्या बाईंनी त्याला घडवला, आज तो त्याच ओल्ड जोच्या युनिव्हर्सिटीत आहे आणि घंटा वाजत असताना टॉवरखालून जात नाही, डिग्री जाते म्हणे! दहा वर्षांच्या पोराचं आयुष्य एका सप्टेंबरच्या परीक्षेने ठरतं हे मला कोणी पटवूच नका.

ब्रमी_नागपूरकर:
दोघं भांडताय पण एक घोळ होतोय. किंग एडवर्ड म्हटलं की लोक सगळं एकच समजतात. एजबास्टनची किंग एडवर्ड्स स्कूल फीवाली, 1552 ची, लेखक टोल्कीन तिथलाच. कॅम्प हिल, फाइव्ह वेज, अ‍ॅस्टन ही ग्रामर, तिथे फी नाही. आणि हार्बोर्नकर, तुमच्या यादीत एक राहिलं. 1552 च्या त्या शाळेची चार्ल्स बॅरीने बांधलेली न्यू स्ट्रीटवरची बिल्डिंग 1936 साली पाडली, तिचा फक्त वरचा कॉरिडॉर नेऊन एजबास्टनला चॅपल केलं. आधीची सेंट्रल लायब्ररी 1974 ची, तीही पाडली. हे शहर स्वतःच्या खुणा स्वतःच पाडतं आणि मग बाहेरचे म्हणतात बघायला काही नाही. माझा राग त्याच्यावर आहे.

हार्बोर्नकर:
ती काँक्रीटची लायब्ररी पाडली त्याचं दुःख मला नाही, आत कायम अंधार. नवीन 2013 साली मलालाने उघडली आणि दोन वर्षांत आठवड्याचे 73 तास कापून 40 वर आणले, माझा राग तिथे. पोरांनी अभ्यासाला कुठे बसायचं? ट्युशनला पैसे नसलेल्यांची तीच तर जागा होती.

जुना_भिडू:
हेच म्हणतोय मी मघापासून.

दोन_मुलांची_आई:
लायब्ररीचं पटलं. धाकट्याला शनिवारी तिथेच नेते, पण नवव्या मजल्यावर कधी गेलो नाही, हे कबूल करते. या शनिवारी जाऊ. कॅचमेंटबद्दल मात्र माझं मत आहे तेच आहे, आणि नाइट शिफ्टबद्दल कोणी परत बोलू नका.