नर्सेस थकतात कारण वॉर्डात माणसं कमी आहेत, त्यावर योगा सेशन हा उपाय कसा काय?

रातपाळी:
12 मेला नर्सेस डे असतो, त्या दिवशी आमच्याकडे स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं होतं. नाईट करून उतरलेल्यांनाही कम्पल्सरी. नाईटची सकाळ कशी असते ते सांगते, पाच वाजल्यापासून ब्लड कलेक्शन, शुगर, सहाचे अँटिबायोटिक, युरिन बॅगा रिकाम्या करून इनटेक-आउटपुटची बेरीज, तेवढ्यात अकरा नंबरच्या आजोबांनी हातातली सलाईनची सुई (कॅन्युला) उपसून काढलेली असते, चादर रक्ताने भरलेली, नातेवाईक दारातून ओरडतायत, आणि तीस पेशंटला आम्ही दोघीच. आठला ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट समजावून देणं, सुरू होते ती नऊपर्यंत संपत नाही. त्यानंतर हॉलमध्ये बसून डोळे मिटा आणि दीर्घ श्वास घ्या. निम्म्या मुली तिथेच झोपल्या आणि त्यावरून त्यांना बोलणीही बसली.

टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला तीन खाटांमागे एक नर्स हवी असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे, शिवाय रजेसाठी 30 टक्के माणसं जास्तीची. मॅनेजमेंट म्हणतं हे तिन्ही पाळ्या मिळून मोजायचं. ठीक आहे, तसं मोजा, तरी एका पाळीत नऊ पेशंटना एक नर्स होते. पंधराला एक कुठल्या हिशोबात बसतं? आणि ते रजेचे 30 टक्के कुठेच नसतात म्हणून एकीला ताप आला की दुसरीला डबल ड्युटी. हे बदलत नाही तोवर बाकीचं सगळं वरवरचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तालुक्याचा डॉक्टर:
ताई तुमचा त्रास खरा आहे पण दुसरी बाजूही ऐका. माझं छोटं हॉस्पिटल आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी येते, हाताखाली शिकते आणि सरकारी भरती निघाली की जाते, नाहीतर पुण्या-मुंबईला किंवा आखातात. मी तिला दोष देत नाही, तिथे पैसे जास्त आहेत. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 बेडच्या आतल्या हॉस्पिटललाही नर्सला किमान 20,000 पगार द्या म्हणून शिफारस केली होती, तेवढे द्यायची माझी तयारी आहे पण इतक्या पेशंटमागे एक नर्स हा रेशो पाळायचा तर माणसं दुप्पट लागतील, ते पैसे पेशंटच्या बिलातूनच येणार ना? माझा पेशंट ऊसतोडीला जाणारा आहे. रेशोचा कायदा उद्या कडक केला तर माझ्यासारखे आधी बंद पडतील आणि लोकांना बाळंतपणासाठी जिल्ह्याला पळावं लागेल.

निवृत्त सिस्टर:
मी सरकारी हॉस्पिटलात इनचार्ज होते. आम्हीही जमिनीवर गाद्या टाकून साठ-साठ पेशंट बघितले, कामाने पार पिचून जाणं, ते बर्नआऊट वगैरे कुणी म्हणत नव्हतं. मुंबईच्या केईएमच्या नर्सेसनी अरुणा शानबागला, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच सहकारी नर्सला, 42 वर्षं सांभाळलं, तिच्या मरणापर्यंत, तो काय पगाराचा भाग होता का? सेवाभाव असला की थकवा येत नाही असं नाही पण माणूस मोडत नाही. आजच्या मुली जरा वेळ मिळाला की मोबाईलमध्ये, मग झोप होणार कधी?

रातपाळी:
सिस्टर तुमच्याबद्दल आदर आहे पण हे पटत नाही. तुमच्या वेळी वॉर्डात स्टुडंट नर्सेस होत्या, मामा-मावश्या पुरेशा होत्या, आणि कागद किती होते ते आठवा. आता एकच पल्स टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर, नर्सेस नोट्समध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये अशी तीनदा लिहावी लागते. पडण्याचा धोका किती, बेडसोरचा धोका किती, दुखणं दहापैकी किती, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म. ऑडिटला फाईल बघतात, पेशंटची कूस बदलली का ते बघायला कोण येत नाही.
आणि अरुणाताईंचं म्हणाल तर ते एकटीने नाही केलं कुणी, बॅचमागून बॅच आली आणि सगळ्यांनी वाटून घेतलं. मी तेच म्हणतेय, वाटून घ्यायला माणसं द्या.

पेशंटचा मुलगा:
मध्ये बोलतो. आईला ॲडमिट केलं होतं तेव्हा सलाईन संपून नळीत रक्त चढलं, बेल वाजवून वाजवून दमलो, शेवटी मीच काउंटरवर गेलो तर सिस्टर म्हणाल्या "तुमचा एकच पेशंट आहे, मला वीस आहेत". असतील हो वीस, पण आईला काय त्याचं? थकलात मान्य, पण तो राग आमच्यावर का? आम्ही बिल भरतो.

आकडेवाला:
दादा तुम्ही जे बघितलं ते बर्नआऊटच होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 ला बर्नआऊटची जी व्याख्या दिली त्यात तीन गोष्टी आहेत, शक्ती संपणं, कामाबद्दल अलिप्तपणा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तो आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणातून येणारी गोष्ट म्हणून नोंदवलाय. म्हणजे सिस्टर मनाने कच्ची आहे असा त्याचा अर्थच होत नाही.

डॉक्टरांच्या मुद्द्याला उत्तर देतो. अमेरिकेत लिंडा एकेन यांच्या टीमने 2002 मध्ये दाखवलं की सर्जरीच्या पेशंटमध्ये एका नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते आणि नर्सच्या बर्नआऊटची 23 टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने 2004 पासून रेशो कायद्याने लावला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने 2016 ला दिवसा चारला एक आणि रात्री सातला एक असा नियम केला, नंतरच्या अभ्यासात मृत्यू कमी झाले, पेशंट लवकर घरी गेले आणि जास्तीच्या नर्सेसवर जेवढा खर्च झाला त्याच्या दुपटीहून जास्त वाचला. त्यामुळे परवडत नाही हे वाक्य मला तरी पटत नाही.

तालुक्याचा डॉक्टर:
क्वीन्सलँडमध्ये तो नियम सरकारी हॉस्पिटलला होता, पैसा सरकारचा, वाचला तोही सरकारचा. माझ्याकडे पेशंट एक दिवस आधी घरी गेला तर माझं बिल कमी होतं आणि फायदा इन्शुरन्सवाल्याला. आधी सरकारने सिव्हिलमधल्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भराव्यात, 2022 ला राज्यातल्या नर्सेस संपावर गेल्या त्या आउटसोर्सिंगने भरती करण्याच्या विरोधातच ना. तिथून सुरुवात करा.

बदलापूर लोकल:
आयसीयूत आहे मी, मुंबईत. रेशो पाहिजेच पण आठ तासांच्या ड्युटीचा आग्रह धरू नका प्लीज. बारा तासांच्या ड्युटीमुळे आठवड्यात तीन-चारदाच लोकलचा धक्का खावा लागतो, पोरं उरलेल्या दिवसात भेटतात. आठ तास केले तर सहा दिवस जाण्यायेण्यातच जातील.

रातपाळी:
तुझी अडचण कळते गं, पण बारा तास बारालाच संपतात का? ओव्हर धरून साडेतेरा होतात. शेवटच्या दोन तासात इन्सुलिनचं युनिट भरताना मी दोनदा वाचते आणि तरी खात्री वाटत नाही. तुम्हाला हवंय तर ठेवा, पण मग लागोपाठ तीनपेक्षा जास्त नकोत आणि डबल तर अजिबात नको.

डॉक्टर, पैसे न लागणाऱ्या गोष्टी तरी आजपासून करता येतील. इव्हिनिंग करून रात्री दहाला घरी गेलेल्या मुलीला सकाळी सातला मॉर्निंग लावू नका. रोटेशन मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट याच क्रमाने ठेवा, उलटं फिरवलं की झोप बसतच नाही. रोस्टर महिनाभर आधी लावा, आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर नको. रात्री दोन ते चारच्या मध्ये आळीपाळीने वीस-तीस मिनिटं झोपू द्या, उघडपणे, आणि उठल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं इंजेक्शन भरायला लावू नका. नातेवाईक अंगावर आला तर हॉस्पिटलमधल्या हिंसाचाराविरुद्धच्या राज्याच्या 2010 च्या कायद्याखाली तक्रार हॉस्पिटलने करायची, सिस्टरला एकटीला पोलीस स्टेशनला पाठवायचं नाही.

तालुक्याचा डॉक्टर:
इव्हिनिंगनंतर मॉर्निंग आमच्याकडे सर्रास लागते, ते थांबवतो. पण रात्री एकच सिस्टर आणि एक मावशी असते, तिथे झोप कशी देणार?

रातपाळी:
एकटी असेल तर नाही देता येणार, तिथे झोपेचा विषयच काढू नका. तिला लागोपाठ दोनच नाईट लावा आणि नंतर दोन दिवस पूर्ण सुट्टी, फोनसुद्धा नाही. रूटीन ऑर्डरी रात्री दहाच्या आत लिहून टाका म्हणजे तिला पहाटे तीनला तुम्हाला उठवायला नको. आणि दुसरी सिस्टर मिळेपर्यंत व्हेंटिलेटरचा पेशंट रात्री घेऊ नका.

तालुक्याचा डॉक्टर:
शेवटचं अवघड आहे, रात्री दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही. बाकीचं या महिन्याच्या रोस्टरमध्ये घालतो.